नृत्यसभेतील विषम संख्या

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, खाजगी पत्रव्यवहार आणि सरकारी दप्तरे एवढीच आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. मराठी वाचकाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. मोडीचे रुमाल सोडून बसणाऱ्या संशोधकांनी आपल्याला ती सवयच लावून ठेवली आहे. परंतु एखाद्या समाजाने किती माणसे गमावली, किती परमुलखात धाडली, कोठे बायका मागे राहिल्या आणि कोठे पुरुष एकटे पडले, याची नोंद कधी कधी अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडते. असे एक ठिकाण म्हणजे युरोपीय पद्धतीची नृत्यसभा. दिवाणखान्याच्या कडेने मांडलेल्या खुर्च्यांवर कोण बसून राहिले आहे, ते मोजावे; ती मोजदाद त्या काळच्या शिरगणतीशी पुष्कळ वेळा जुळते.

प्रश्न दिसावयास साधा आहे. ज्या नाचात एक पुरुष व एक स्त्री अशी जोडी अपरिहार्य मानली गेली, त्या नाचाला दोन्ही बाजूंची संख्या सारखी हवी. ती क्वचितच सारखी असते. मग उरलेल्यांचे काय करावयाचे? आणि उरलेले उरले कशामुळे? त्यांच्यात काही उणे होते म्हणून, की मुळातली बेरीजच जुळत नव्हती म्हणून? गेल्या साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांत निरनिराळ्या समाजांनी या प्रश्नाला जी उत्तरे दिली, ती पाहता आम्हांस असे वाटते की, गणितातली तूट एकेका माणसाच्या, त्यातही बहुधा तरुण मुलीच्या, माथी मारण्याची खोड फार जुनी आहे. आणि जेथे जोडी जमविण्याची जबाबदारी सभा भरविणाऱ्याने स्वतःच्या शिरावर घेतली, तेथेच हा प्रश्न थोडाफार सुटला. बहिणीच्या किंवा मुलीच्या लग्नासाठी रजा काढून दहा गावे पालथी घातलेल्या आमच्या वाचकांना त्या कडेच्या खुर्चीचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको.

आपल्याकडील खेळांत ही अडचण फारशी उद्भवली नाही, याचे कारण पाहण्यासारखे आहे. मंगळागौरीच्या रात्री फुगडीला दोघी लागतात खऱ्या, पण त्या दोघी कोणीही चालतात. आणि एखादी उरलीच तर ती झिम्म्याच्या रिंगणात शिरते. रिंगणाला सम-विषमाची फिकीर नसते. गोफाचे मात्र तसे नाही. वरून सोडलेल्या दोऱ्या धरून निम्मे उजवीकडून आणि निम्मे डावीकडून एकमेकांना ओलांडीत जातात तेव्हाच वेणी पडते. तेथे एक गडी कमी झाला की सारा विणकाम-व्यवहार बिघडतो. पण तेथेही संख्या सम असली म्हणजे पुरते, स्त्री-पुरुषांची समानसंख्या कोणी मागत नाही. ती मागणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिसते ती गोव्यात. तेथील ख्रिस्ती समाजाच्या मांडोत स्त्रियांची एक व पुरुषांची एक अशा दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, जवळ येतात, ओलांडतात व पुन्हा मागे सरतात. एकोणिसाव्या शतकात गोव्यातील मोठमोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत हा प्रकार रूढ झाला आणि त्यावर पोर्तुगीज नृत्यसभांची छाया उघड आहे.

या समोरासमोरच्या दोन ओळींचा सर्वांत प्रसिद्ध लेखी आधार इंग्लंडात आहे. १६५१ साली लंडनच्या जॉन प्लेफर्ड नावाच्या पुस्तकविक्रेत्याने 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक काढले. राजाचा शिरच्छेद होऊन दोनच वर्षे झाली होती आणि राज्य कडक धर्मनिष्ठांच्या हाती होते, तरी १०५ नाचांच्या चाली व कृती देणारे हे पुस्तक खपले, आणि १७२८ च्या सुमारापर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. आरंभी त्यात गोल, चौकोनी व ओळीचे असे सर्व प्रकार होते. पुढे पुढे ओळीच्या नाचांनी बाकीच्यांना जवळजवळ हुसकावून लावले. याचे कारण व्यवहारी आहे. चौकोनाला चारच जोड्या लागतात. पाचवी आली तर तिने उभे राहावयाचे कोठे? ओळ मात्र दिवाणखाना पुरेल तेथपर्यंत लांबविता येते. पुरुष एका बाजूस, स्त्रिया दुसऱ्या बाजूस. वरची जोडी आपल्या खालच्या जोडीबरोबर ठरलेल्या आकृत्या पुऱ्या करते आणि एक जागा खाली सरकते, तेथे तिची नव्या जोडीशी गाठ पडते. जोड्यांची संख्या विषम असली तर टोकाला पोचलेली जोडी एक फेरी स्वस्थ उभी राहते आणि मग उलट दिशेने पुन्हा नाचात येते. म्हणजे जोड्या विषम असल्या तरी या रचनेने त्यांना सामावून घेतले. माणसे विषम असली तर काय, याचे उत्तर मात्र तिच्यापाशी नव्हते.

ते उत्तर एका माणसाने दिले, आणि तो माणूस आम्हां सरकारी नोकरांना आपलासा वाटण्याजोगा आहे. रिचर्ड नॅश हा १६७४ साली वेल्समधील स्वान्सी येथे जन्मला. सैन्य व वकिली दोन्ही करून पाहिली, दोन्हींत जम बसला नाही, आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बाथ या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी येऊन पोचला. आपल्या वज्रेश्वरीसारखेच ते गाव. दुखणाईत येत, त्यांच्याबरोबर धडधाकट नातेवाईक येत, आणि त्यांना संध्याकाळी करमत नसे. कोणी कोणास ओळखत नाही, लहान-मोठा कोण ते कळत नाही, पुरुष तलवारी लटकावून आणि घोडेस्वारीचे बूट घालून नाचावयास उभे राहतात, अशी तेथली स्थिती होती. नॅश तेथील 'मास्टर ऑफ सेरिमनीज' झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षे, त्या गावावर त्याने राज्यच केले. तलवारी बाहेर ठेवविल्या, बूट बंद केले. सहा वाजता नृत्य सुरू आणि अकराच्या ठोक्याला बंद. राजकन्या अमेलियाने आणखी एका नाचाची विनंती केली तेव्हाही त्याने ती मानली नाही, अशी कथा त्याचे चरित्र लिहिणाऱ्या ऑलिव्हर गोल्डस्मिथने दिली आहे. वेळेचे इतके बंधन आमच्या कचेऱ्यांत पाळले जाते तर काय हवे होते!

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याचा मिन्युएटचा नियम. हा नाच एकेक जोडी साऱ्या सभेदेखत करी, आणि त्यास दोन तास लागत. एक जोडी नाचून झाली की स्त्री आपल्या जागी परत जाई आणि नॅश त्याच पुरुषासाठी दुसरी स्त्री घेऊन येई. प्रत्येक पुरुषाने दोन स्त्रियांबरोबर नाचलेच पाहिजे, ही सक्ती होती. आता याचे गणित पाहा. चाळीस पुरुष असतील तर ऐंशी स्त्रियांना नाचता येते. बाथमध्ये स्त्रिया अधिक असणार हे गृहीत धरूनच हा नियम केला आहे, असे आम्हांस वाटते. आणि निवड पुरुषाच्या मर्जीवर न ठेवता अधिकाऱ्याच्या हाती ठेवली आहे. कोणती स्त्री कोणाच्या मनास आली, हा प्रश्नच उरत नाही. यादीत नाव आहे, पाळी आली, उठा. अर्थात यादी दर्जाप्रमाणे चाले, बड्या घराण्यातील स्त्रिया आधी उठत. ज्येष्ठताक्रम येथेही सुटला नव्हता.

नॅशला या कामाचा ठराविक पगार नव्हता. जुगाराच्या अड्ड्यांतील हिश्शावर त्याचा डामडौल चाले. १७३९ व १७४५ च्या कायद्यांनी जुगार आवळला तसे त्याचे उत्पन्न आटले. अखेरीस गावच्या नगरपालिकेने त्याला महिना दहा गिनींचे निर्वाहवेतन बांधून दिले, आणि १७६१ मध्ये तो वारला तेव्हा त्याची अंत्ययात्रा मोठ्या थाटाने काढली. जिवंतपणी दहा गिनी आणि मेल्यावर बँड! असो.

नॅशनंतर ठिकठिकाणी असे अधिकारी नेमले गेले, पण त्यांची सत्ता ओळख करून देण्यापुरतीच उरली. परक्या पुरुषाने परक्या मुलीला परस्पर विचारावयाचे नाही. अधिकाऱ्याने दोघांची ओळख करून द्यावयाची, मग पुरुषाने विचारावयाचे. जेन ऑस्टेनच्या 'नॉर्दँगर ॲबी'त कॅथरीन आणि हेन्री टिल्नी यांची गाठ घालून देणारा मिस्टर किंग हा कल्पित नसून बाथच्या लोअर रूम्सचा खराखुरा अधिकारी होता. जोडी जमवून देणारा अधिकारी असा नुसता ओळख करून देणारा झाला, आणि संख्येचा भार पुन्हा मुलींवर येऊन पडला. त्यातच एक रिवाज होता: एका पुरुषाला नाही म्हटलेल्या मुलीने मग दुसऱ्या कोणाचे आमंत्रण स्वीकारावयाचे नाही. विचारण्याचा हक्क एकाकडे, आणि नकार दिला तर बसून राहण्याची शिक्षा दुसरीला. फॅनी बर्नीच्या 'एव्हलिना' या १७७८ मधील कादंबरीतली खेड्यातून आलेली पोर हा रिवाज ठाऊक नसल्यामुळेच भर सभेत अडचणीत येते.

ऑस्टेनबाई तर या हिशेबात फारच पक्क्या. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच्या प्रकरणांत वाचकाचे सहसा लक्ष जात नाही असा एक तपशील आहे. बिंग्ली हा श्रीमंत तरुण नृत्यसभेस येणार असे कळते. त्याच्याबरोबर बारा स्त्रिया आणि सात पुरुष येत आहेत अशी वदंता उठते, आणि गावच्या मुली बारा हा आकडा ऐकून खिन्न होतात. मग कळते की बारा नव्हेत, सहाच. पाच बहिणी व एक चुलत बहीण. जरा हायसे वाटते. प्रत्यक्षात मंडळी येतात ती अवघी पाच, आणि त्यांत स्त्रिया दोनच. विनोद म्हणून हा मजकूर चालून जातो, पण त्याच्या बुडाशी एक भीती आहे. पुरुषांच्या तुटवड्यामुळे त्या सभेत नायिका एलिझाबेथला दोन नाच बसून काढावे लागतात. डार्सी समोर उभा असतो आणि नाचत नाही. पुढे कित्येक महिन्यांनी ती हीच गोष्ट त्याला चारचौघांत ऐकविते: पुरुष कमी होते, एकीहून अधिक मुली बसून होत्या, आणि हा गृहस्थ चारच नाच नाचला. डार्सीच्या गर्वाविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. एलिझाबेथचा आरोप मात्र सरळ अंकगणिताचा आहे. पुस्तक निघाले तेव्हा फ्रान्सशी चाललेल्या युद्धाला, मधला अल्प विराम वगळता, वीस वर्षे झाली होती. कादंबरीत युद्धाचे नाव जवळजवळ येत नाही, पण रिकाम्या हातांनी बसलेल्या मुलींत ते आहे.

पुढील साठ-सत्तर वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगून टाकतो. क्वाड्रिल आला, त्याला पुन्हा नेमक्या चार जोड्या लागत. वॉल्ट्झ आला, १८४४ च्या सुमारास पोल्का लंडनला पोचला, आणि जोडी ओळीतून सुटून एकटी गरगरू लागली. ओळीच्या नाचात निदान साऱ्यांचा हात साऱ्यांना लागे, तेही संपले. जो जोडीदार मिळाला तोच, आणि मिळाला नाही तर काहीच नाही. म्हणून आधीच नाव नोंदवून ठेवण्यासाठी छापील कार्यक्रमपत्रिका निघाली, तिला रेशमी दोरीने इवलीशी पेन्सिल बांधलेली असे. रिकाम्या पत्रिकेची मुलगी भिंतीपाशी बसे आणि तिला इंग्रजीत भिंतीवर उगवणाऱ्या एका फुलाचे नाव मिळाले. नाव गोड आहे; बाकी काही नाही.

हेच गणित जहाजात बसून हिंदुस्थानात आले. कंपनीच्या अमदानीत कलकत्त्याला युरोपीय स्त्रिया इतक्या थोड्या होत्या की, कशीही नाचणारी बाई असली तरी तिला श्वास घ्यावयास सवड मिळत नसे. लष्करी छावण्यांतही तेच. पण सिमल्यास उलट. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड याची बहीण एमिली ईडन हिची पत्रे १८६६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यांत १८३९ च्या उन्हाळ्यातील सिमल्याचे वर्णन आहे. सैन्य काबूलच्या मोहिमेवर गेलेले, अधिकाऱ्यांना रजा नाहीत, त्यामुळे डोंगरावर बायका पुष्कळ आणि नाचावयास पुरुष मूठभर. अफगाण युद्धाचा इतिहास आपण लढायांच्या व माघारीच्या अंगाने वाचतो. तो ॲनंडेलच्या मैदानावरील नृत्यसभेच्या अंगानेही वाचता येतो. त्या सभेला १०५ युरोपीय होते आणि सभोवार सुमारे तीन हजार पहाडी लोक घोंगड्या पांघरून पाहत उभे होते. हे लोक आपल्या सगळ्यांची मुंडकी उडवून मोकळे का होत नाहीत, याचे ईडनबाईंना नवल वाटले. ही संख्येची दुसरी विषमता, आणि ती त्यांच्या ध्यानी आली याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे.

१८६४ पासून सिमला उन्हाळी राजधानी झाली आणि ही तऱ्हा कायमची ठरून गेली. नवरे मैदानातल्या उन्हात जिल्हा किंवा पलटण सांभाळीत, बायका मुलांना घेऊन वर. मैदानात पुरुष फार, डोंगरावर स्त्रिया फार. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीबरोबर गणित पालटत जाई. किपलिंगच्या 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' या १८८८ मधील संग्रहात एक गोष्ट आहे. तीत पीटरहॉफच्या नृत्यसभेत नवऱ्याला आपल्याच बायकोच्या पत्रिकेत जागा मागावी लागते. सिमल्याच्या जुन्या समाजाची गंमत म्हणून ती वाचतात. आम्हांस ती नेमणुका व बदल्या यांची गोष्ट वाटते. मनुष्य एका गावी, कुटुंब दुसऱ्या गावी, आणि मधल्या काळात दोघांचीही संध्याकाळ कोणाशी तरी जमवून घ्यावयाची. यातले दुःख निदान आमच्या वाचकांस परके नाही. हिंदी कारकून त्या वेळीही सिमल्याच्या कचेऱ्यांत होते. नृत्यसभेच्या खिडकीतून येणारा उजेड त्यांना खालच्या बाजारातून दिसत असेल.

आता त्या वर्षांकडे येतो, ज्या वर्षांनी ही विषमता इंग्लंडच्या प्रत्येक गावात नेऊन ठेवली. सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने १८९९ च्या नाताळात ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी येथे खेडुतांचा मॉरिस नाच पाहिला आणि पुढे आयुष्य लोकनृत्ये जमविण्यात घातले. प्लेफर्डच्या जुन्या पोथीतले नाच त्याने पुन्हा उभे केले. १९११ साली त्याने इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापिली. स्ट्रॅटफर्ड येथे सुट्टीतील शिक्षणवर्ग भरू लागले, आणि तेथेच आज ज्याला आपण कार्यशाळा म्हणतो तिचे रूप प्रथम नीट दिसते: आठवडा-पंधरवडा राहावयाचे, सकाळी शिकावयाचे, संध्याकाळी एकत्र नाचावयाचे. शाळांतून लोकनृत्य शिकविले जाऊ लागल्यामुळे या वर्गांना शिक्षिकांची गर्दी असे. पुरुष थोडेच, पण शार्पने प्रात्यक्षिकांसाठी तरुणांचे एक लहानसे पथक घडविले होते. त्यातले चौघे १९१६ मध्ये युद्धात पडले: पर्सिव्हल लूकस, जॉर्ज विल्किन्सन, संगीतरचनाकार जॉर्ज बटरवर्थ आणि ऑक्सफर्डचा अध्यापक रेजिनल्ड टिडी. बटरवर्थचा देह सापडलाच नाही. टिडीने खेड्यांतील मूकवेशी सोंगनाटकांचा जो अभ्यास केला होता, तो १९२३ साली, त्याच्या पश्चात, पुस्तकरूपाने आला.

एवढ्याशा पथकातून चार माणसे गेली हे प्रमाण ध्यानात घ्या आणि मग १९२१ ची शिरगणती पाहा. इंग्लंड व वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे १७ लाखांनी अधिक निघाल्या. पुरुष वसाहतींत जात असल्यामुळे युद्धापूर्वीही त्या अधिकच होत्या. परंतु आता वर्तमानपत्रांनी त्यांना 'जादा बायका' असे नाव ठेवले. जादा! माल उरावा तशा. ज्यांचे वाग्दत्त वर फ्रान्सच्या मातीत पुरले गेले त्यांना हिशेबात शिल्लक म्हणून दाखविणारी ही भाषा आम्हांस त्या सबंध युद्धवाङ्मयातील अत्यंत निष्ठुर गोष्टींपैकी एक वाटते. लोकनृत्याच्या वर्गांत मात्र ही निष्ठुरता टिकली नाही. तेथे बायकांनी सरळ पुरुषांच्या ओळीत उभे राहावयास सुरुवात केली. कृती त्यांना पाठच होती, कारण अर्ध्या जणी ती शाळेत शिकवीत. ओळ पुरी झाली, वाद्ये वाजू लागली. प्लेफर्डच्या रचनेला जे उत्तर अडीचशे वर्षांत सुचले नव्हते, ते शाळामास्तरणींनी न बोलता देऊन टाकले.

शहरांतील नाचघरांनी निराळा मार्ग धरला. २८ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडनमध्ये हॅमरस्मिथचे प्रचंड नाचघर उघडले. अमेरिकेहून आलेला जॅझ बँड वाजवीत होता. तिकीट काढून कोणीही यावे, ओळख करून देणारा कोणी नाही. मग एकट्याने आलेल्याने काय करावे? अशा नाचघरांनी पगारी जोडीदार ठेवले. स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. एका कठड्याआड ते बसलेले असत, सहा पेन्सांचे तिकीट दिले की एक नाच. कठड्याआड बसविलेली माणसे हे दृश्य डोळ्यांना खुपते, हे खरे. परंतु एक बाजू अशीही आहे की, त्या सहा पेन्सांनी बसून राहण्याची लाज विकत घेऊन टाकली. एकट्या आलेल्या विधवेलाही पुरुष जोडीदार मिळू शके, आणि तिला कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नसे. बाकी मुलींनी मुलींबरोबर नाचण्याला तेथे कोणाची हरकत नसे. पुरुषांनी पुरुषांबरोबर नाचणे मात्र नियमाने बंद होते. ब्वेनोस आयरेसला हेच उलट होते. स्थलांतरित पुरुषांच्या त्या शहरात टँगो पक्का बसेपर्यंत पुरुष पुरुषांबरोबर घोटून घेत, मग स्त्रीसमोर उभे राहत.

पैशाने जोडी मिळविण्याच्या या पद्धतीचे भीषण रूप अमेरिकेत दिसले. तेथे तिकीट दहा सेंटांचे, नाच मिनिट-दोन मिनिटांचा, आणि तिकिटाचा निम्मा भाग मुलीचा. पॉल क्रेसी या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतील अशा नाचघरांवर १९३२ मध्ये ग्रंथ लिहिला. गिऱ्हाईक बहुतेक एकटे पडलेले स्थलांतरित, आणि त्यांत फिलिपिनो तरुण पुष्कळ. फिलिपाइन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मजुरीसाठी तेथून तरुण पुरुष येत, स्त्रिया अगदीच थोड्या. दिवसभर लेट्यूसच्या वाफ्यांत वाकलेला मजूर संध्याकाळी ठेवणीतला सूट चढवून दहा सेंटांत मिनिटभर मान विकत घेई. जानेवारी १९३० मध्ये वॉट्सनव्हिल येथे फिलिपिनोंनी गोऱ्या मुलींबरोबर नाचण्यावरून गोऱ्यांचे जमाव उठले; काही दिवस मारहाण चालली, आणि मजुरांच्या खोपटावर झालेल्या गोळीबारात बावीस वर्षांचा फर्मिन तोबेरा ठार झाला. १९३३ मध्ये फिलिपिनो व गोरे यांच्या विवाहावर त्या राज्यात कायद्याने बंदी आली, आणि १९३४ च्या कायद्याने फिलिपिनोंचे आगमन वर्षाला पन्नासांवर आणून ठेवले. राज्याच्या विधिमंडळाने या अन्यायाबद्दल दिलगिरी व्यक्त केली ती २०११ साली. मजूर हवेत, त्यांची कुटुंबे नकोत. आणि मग ते एकटे पुरुष कोणाबरोबर नाचतात याचा संताप. नॅशच्या गावी हा प्रश्न दोन तासांत सुटत असे, येथे त्याला ऐंशी वर्षे लागली.

आमच्या क्लबांत नाच पाहिलेल्या मंडळींना 'पॉल जोन्स' आठवत असेल. अमेरिकन आरमाराच्या एका कप्तानाचे नाव त्या प्रकारास का पडले ते असो. स्त्रियांचे आतले कडे, पुरुषांचे बाहेरचे, दोन्ही उलट दिशांनी फिरतात, वाद्य थांबले की जो समोर येईल तो आपला जोडीदार. मोठे साहेब कनिष्ठ लेखनिकाच्या पत्नीसमोर येऊन थांबतात, आणि ज्येष्ठतेची यादी तेवढ्या तीन मिनिटांपुरती बाजूस राहते. नॅशची सक्ती येथे यदृच्छेच्या हाती दिली आहे. विचारणे नाही, नकार नाही. संख्या विषम असली तर दोन-तीन माणसे उरतात. पण वाद्य पुन्हा सुरू होईपर्यंतच.

हल्ली सामाजिक नृत्याच्या कार्यशाळा दिल्ली, बंगळूर, पुणे, मुंबई येथेही भरतात. साल्सा, टँगो, स्विंग असे प्रकार शिकविले जातात. नाव नोंदविताना स्त्री की पुरुष यापेक्षा नाच चालविणार की साथ करणार, हे विचारण्याकडे कल वाढला आहे. साथ करणाऱ्यांची यादी बहुधा आधी भरते आणि मग प्रतीक्षायादी सुरू होते. रेल्वेच्या आरक्षणाशी परिचय असलेल्यास ती पद्धत नवी नाही. जोडीने येणाऱ्यांना लवकर प्रवेश मिळतो, एकट्याने येणारा ताटकळतो, याबद्दल कुरबूर चालते, आणि आमच्या मते ती रास्त आहे. अमेरिकेत न्यू इंग्लंडकडील काँट्रा नाचात, जो प्लेफर्डच्या ओळींचाच थेट वंशज, सूचना देणारा आता पुष्कळ ठिकाणी स्त्री-पुरुष हे शब्दच उच्चारीत नाही. दोन ओळींना दोन पक्ष्यांची नावे दिली आहेत, एक चंडोल आणि एक रॉबिन. ज्याला जी बाजू येते त्या बाजूस त्याने उभे राहावे.

वर्गात मात्र सर्वांत जास्त चालणारी तोड याहून साधी आहे. चालविणारे वर्तुळात जागच्या जागी उभे राहतात, साथ करणारे दर तीन-चार मिनिटांनी शिक्षकाच्या टाळीबरोबर एकेक जागा पुढे सरकतात. नवरा-बायको म्हणून आलेले थोडा वेळ कुरकुरतात, मग सरकू लागतात. साथ करणारे पाचाने अधिक असले तर वर्तुळात पाच जागा मोकळ्या सोडतात, त्या एकाशेजारी एक न ठेवता अंतराअंतराने. मोकळ्या जागेवर जो येतो, तो तेवढी तीन-चार मिनिटे हात पुढे धरून एकट्यानेच पावले टाकतो, आणि टाळी वाजली की पुढे सरकतो.